थेरपिस्ट मायेने बोलतात, सवलत मात्र देत नाहीत (खाण्याचे विकार, चिंता, नैराश्य वगैरे)

उंबरठा

पाच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मला बुलिमिया आहे. 'होता' म्हणायचा मोह होतो, पण थेरपिस्टशी ठरलंय की वर्ष पुरं होईपर्यंत 'आहे'च म्हणायचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: थोड्या वेळात हाताबाहेर जाऊन खूप खायचं आणि मग ते निस्तरायला शरीराला शिक्षा करायची. जोडीला नैराश्य होतंच. आधी कोण आलं ते आता सांगता येत नाही.

माझ्या दोन थेरप्या झाल्या. पहिली आठेक महिने चालली. त्या बाई वाईट नव्हत्या. मनात आलेला विचार लिहायचा, त्याला पुरावा काय ते तपासायचं, मग त्याजागी दुसरा, खरा विचार लिहायचा. मी पहिल्यापासून अभ्यासू, वही भरून टाकली. त्यातलं एक वाक्य, 'एका जेवणाने काही बिघडत नाही', दिवसातून दहा वेळा म्हणायचे. वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. फरक शून्य.

दुसऱ्या थेरपिस्टने चौथ्या सेशनला ती वही मागून घेतली. म्हणाल्या, "हे वाक्य मोठ्याने म्हणून दाखवा. मनात म्हणता तसंच हं, वाचून दाखवल्यासारखं नको."

माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं: "एका जेवणाने काही बिघडत नाही, कळत कसं नाही गं तुला!"

शेवटचे शब्द वहीत नव्हते. पण असायचे, कायम असायचे, दात आवळून. मला ते तोपर्यंत ऐकूच आले नव्हते.

बाई जरा वेळ गप्प बसल्या. मग विचारलं, "हा आवाज कुणाचा?" मी हसले नुसती. घरी पोचेपर्यंत उत्तर सापडलं. प्रगतिपुस्तकावर सही करताना बाबांचा. (बाबा वाईट नव्हते. बघा, लगेच त्यांची बाजू घ्यावीशी वाटली.)

त्या आठवड्याचा गृहपाठ एवढाच: शब्द तेच ठेवा, सूर बदला. मला वाटलं, याची फी भरतेय मी?

पण गंमत पुढे आहे. सुराबद्दल एवढ्या हळुवार असलेल्या याच बाई जेवणाच्या वेळांबाबत लोखंडासारख्या. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन छोटी खाणी, दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. भूक असो नसो. आदल्या रात्री काहीही झालेलं असो, सकाळचं चुकवायचं नाही. मी रडले, भांडले. एकदा म्हणाले, "तुम्हाला माझी दया येत नाही का?" तर म्हणतात, "येते ना. म्हणूनच वेळ बदलत नाहीये."

बाहेर 'स्वतःवर प्रेम करा' म्हणजे अंघोळीला सुगंधी मेणबत्ती असा अर्थ होऊन बसलाय. मला जे मिळालं ते अजिबात तसं नव्हतं. तुमचे अनुभव काय? खाण्याचेच असले पाहिजेत असं नाही. चिंता, नैराश्य, जुने आघात, काहीही.

निळी शाई

'कळत कसं नाही गं तुला' पाशी थबकले. माझ्यात तो आवाज 'गं' पण लावत नाही.

संपादक मंडळ

विषय नाजूक आहे म्हणून सुरुवातीलाच: वजन, कॅलरी, मापं यांचे आकडे लिहू नका. 'मी हे कसं करायचे' याचा तपशीलही नको, तो वाचून कुणी शिकतं. वरच्या लेखातली एक ओळ लेखिकेच्या संमतीने काढली आहे.

गोगलगाय

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. बहुतेक वेळा हे कोडकौतुक वाटतं. खाणं न खाणं शेवटी आपल्या हातात असतं ना? मनाचा थोडा निग्रह, थोडी शिस्त. सूर बदलून काय होणार?

अर्धविराम

गोगलगाय, 'आपल्या हातात' हे गृहीतक तपासायला एक चांगला प्रयोग आहे. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या संशोधकांनी ३६ तरुण पुरुष निवडले. युद्धात बंदूक धरायला नैतिक कारणाने नकार दिलेले, स्वतःहून पुढे आलेले, शरीराने आणि मनाने ठणठणीत. यांच्यातल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, वजन साधारण पाव भागाने उतरेपर्यंत.

आणि मग या निग्रही माणसांचं काय झालं? दिवसरात्र खाण्याचेच विचार. पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. ताटं चाटायचे. पुढ्यातलं जेवण तासन्‌तास पुरवायचे. चिडचिड, उदासी, माणसं नकोशी. पोटभर मिळायला लागल्यावरसुद्धा कित्येकांचं पोट भरल्याचं भान लगेच परतलं नाही, खात सुटायचे. यातलं निम्मं वर्णन माझ्याकडे येणाऱ्या कुणाचंही असू शकतं.

म्हणजे आजाराची बरीचशी लक्षणं उपासमार स्वतःच तयार करते. उंबरठा यांच्या बाई वेळेवर अडून बसल्या त्यामागे हेच आहे. रात्री हाताबाहेर जाऊन खाणं थांबवायचं असेल तर दिवसा उपाशी राहणं आधी थांबवावं लागतं. लोक बरोबर उलटं करतात: रात्री खाल्लं म्हणून सकाळी शिक्षा, शिक्षा म्हणून पुन्हा रात्री.

(मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इथे सर्वसाधारण माहिती देईन, कुणाचं निदान करणार नाही.)

उंबरठा

शिक्षा म्हणून पुन्हा रात्री. माझी सहा वर्षं चार शब्दांत मावली.

गोगलगाय

प्रयोगाचं माहीत नव्हतं. ठीक, निग्रहाचा मुद्दा मागे घेतो. सुराचा नाही घेत.

अर्धविराम

सुराचाही बोलू. पॉल गिल्बर्ट नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी ज्याला कम्पॅशन फोकस्ड थेरपी म्हणतात ती उभी केली, आणि त्यांची सुरुवात जवळपास उंबरठा यांच्या वहीपासूनच झाली. जुनं नैराश्य असलेली माणसं पर्यायी विचार व्यवस्थित सांगायची, तो पटलाय असंही म्हणायची, पण बरं वाटायचं नाही. मनात तो कसा म्हणता हे विचारल्यावर कळलं की थंड, तुच्छ, डाफरणाऱ्या आवाजात. शब्द मदतीचे, सूर मारण्याचा. शरीर सुराला उत्तर देतं.

त्यांची मांडणी सोपी करून सांगतो. भावनांच्या तीन यंत्रणा धरा. एक धोका हुंगणारी: भीती, राग, किळस. दुसरी मिळवायला धावणारी. तिसरी निववणारी, जी कुणी मायेने जवळ घेतलं की जागी होते. खाण्याच्या विकारात बऱ्याचदा असं दिसतं की धोक्याची घंटा सतत वाजतेय आणि निववणारी यंत्रणा जवळजवळ वापरातच नाही. मग माणूस घंटा बंद करायला दुसरी यंत्रणा वापरतो. 'आज ठरवलेलं पाळलं' याची झिंग येते आणि तासभर भीती गप्प बसते. तासभरच. म्हणून 'आहारावर नियंत्रण सोड' म्हटलं की आपला एकमेव आधार काढून घेताहेत असं वाटतं. दुसरा आधार तयार होत असेल तरच पहिला सुटतो.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. मोठ्या माणसांच्या खाण्याच्या विकारांसाठी सगळ्यात जास्त तपासलेल्या पद्धतींत ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांची सीबीटी-ई येते (सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी थेरपी, ही तिची खाण्याच्या विकारांसाठीची आवृत्ती). वजन फार उतरलेलं नसेल तर २० आठवड्यांत २० सेशन, उतरलेलं असेल तर ४० च्या आसपास. करुणेवर आधारलेल्या थेरपीचे निकाल आशा वाटावी असे आहेत, पण पुरावा अजून त्यामानाने कमी. मी स्वतः दोन्ही एकत्र वापरतो: सांगाडा सीबीटीचा, आवाज करुणेचा.

शब्दखूळ

अवांतर. 'कम्पॅशन'ला दया म्हणू नये असं माझं मत. दया आणि कीव वरून खाली येतात, देणारा उभा आणि घेणारा बसलेला. 'कणव' जास्त जवळचा, त्यात आपल्याच पोटात काहीतरी हलतं. स्वतःची कीव करता येते, स्वतःची कणव येणं मात्र शिकावं लागत असावं. धागा भरकटवत नाही, थांबतो.

निळी शाई

अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे.

माझं नैराश्याचं. मी सतरा महिने 'बरं वाटलं की उठेन' म्हणून पडून होते. थेरपिस्टने ते उलटं केलं: आधी उठायचं, बरं वाटणं मागून येईल तेव्हा येईल. हे कुणीही सांगेल, भावाने पण सांगितलं होतं, जरा कमी शब्दांत. फरक कामाच्या आकारात होता. पहिल्या आठवड्याचं काम होतं सकाळी खिडकीची कडी काढणं. फिरायला जाणं नाही, अंघोळ नाही. कडी. मी म्हटलं, हे काय काम झालं? त्या म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात किती दिवस काढलीत?" एकही दिवस नाही. मग कागदावर लिहिलं, कडी.

पाचव्या दिवशी राहून गेली. मी कबुली द्यायच्या तयारीने गेले आणि त्यांनी विचारलं, "पाचव्या दिवशी काय आडवं आलं?" रागाचा लवलेश नाही, चौकशी. मला तो फरक अजून नीट सांगता येत नाही.

काजवा

लिहू का नको करत होतो. मुलगा आहे, २३. मी बारीक नाही. त्यामुळे 'खाण्याचा विकार' म्हटलं की लोक हसतील असं वाटतं. रात्री सगळे झोपल्यावर खातो, उभ्याने, पोट दुखेपर्यंत. नंतर काही करत नाही, नुसता पडून राहतो आणि स्वतःला जे बोलतो ते इथे लिहिता येणार नाही. हे 'खरं' धरतात का?

अर्धविराम

धरतात. बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात आणि डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात २०१३ पासून त्याला स्वतःचं वेगळं निदान आहे. तुझं तेच आहे असं मी इथून म्हणणार नाही, पण दाखवायला जाण्याइतकं नक्कीच आहे. आणि अंगकाठीवरून काहीच ठरत नाही. अॅनोरेक्सियाची, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याच्या विकाराची, बाकी सगळी लक्षणं आहेत पण वजन कमी दिसत नाही, अशांचीही नोंद त्याच पुस्तकात आहे, आणि त्यांची तब्येतही गंभीर बिघडू शकते. मुलग्यांना तर डॉक्टरसुद्धा कित्येकदा विचारायचं विसरतात.

उंबरठा

काजवा, उभ्याने. मी पण. बसलं की ते जेवण ठरतं ना.

काजवा

हो. बरोबर तेच.

दारचा पाऊस

मी बाप आहे. मुलगी १५ वर्षांची, अॅनोरेक्सिया. आमच्याकडे कुटुंबाला धरून उपचार चालू आहेत. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये सुरू झालेली पद्धत. किशोरवयीन मुलांसाठी आधी हीच सुचवतात असं आम्हाला सांगितलं. यात पहिल्या टप्प्यात काय खायचं, किती खायचं हे आईवडील ठरवतात. पुढे हळूहळू ते मुलांच्या हातात परत द्यायचं. मूळ कारण शोधत बसत नाहीत, आणि आईवडिलांना दोषही देत नाहीत. बायकोला ते ऐकून रडू आलं होतं.

पहिल्या आठवड्यातलं एक जेवण. एक तास चाळीस मिनिटं. चमचा ताटापासून तोंडापर्यंत जायचा आणि परत यायचा. मी आधी समजावलं, मग आमिष दाखवलं, मग ओरडलो आणि ताट तिच्याकडे इतकं जोरात सरकवलं की टेबलावर सांडलं. ती पुसायला उठली. घाबरून, चटकन, पाहुण्याच्या घरी सांडल्यासारखी. ते काही डोळ्यांपुढून जात नाही.

थेरपिस्टला सांगितलं. मला वाटलं, बोलणी बसतील. त्यांनी विचारलं, त्या वेळी तुम्हाला कशाची भीती वाटत होती? मी म्हटलं, ती मरेल याची. त्या म्हणाल्या, "हे तिला दिसलं नाही, तिला फक्त राग दिसला." मग एक वाक्य दिलं. पाठच केलंय: "मला दिसतंय हे किती कठीण आहे. तरी हे संपेपर्यंत मी इथेच बसणार आहे." दोन्ही अर्धी वाक्यं लागतात. पहिलं नुसतं म्हटलं तर ती उठून जाते. दुसरं नुसतं म्हटलं तर युद्ध.

आजाराला मुलीपासून वेगळं काढायलाही शिकवलं. ताटावर भांडते ती मुलगी नाही, आजार भांडतो. रोज जमत नाही. काल जमलं नाही.

निळी शाई

दादा, काल जमलं नाही हे लिहिलंत ते बरं केलंत.

तिन्हीसांज

सगळं गोडगोड वाचून कुणाला एखादा दचका बसायच्या आत सांगते. माझा ट्रॉमा लहानपणचा आहे. 'डोळे मिटा, हळू श्वास घ्या, तुमच्यावर माया करणारं कुणीतरी समोर आणा' या व्यायामाने मला थेट पॅनिक अॅटॅक आला. ज्याने माया केली त्यानेच केलं होतं. आता कुणी मवाळ आवाजात बोललं की माझं अंग सावध होतं. मायाच धोक्याची वाटते.

त्याआधीच्या एका ठिकाणी तर पहिल्याच भेटीत 'सगळं सविस्तर सांगा' म्हणाले. सांगितलं. चार रात्री झोपले नाही आणि परत गेले नाही.

अर्धविराम

तिन्हीसांज, हे लिहिल्याबद्दल आभार. ज्यांना माया धोक्यासोबतच मिळाली त्यांच्यात मायेची दारं उघडली की आतली आग उसळते. बंद खोलीतल्या धुमसत्या आगीला एकदम हवा मिळावी तशी. म्हणून त्या व्यायामात कल्पनेतल्या माणसाची सक्ती नसते. एखादं झाड, जागा, रंग चालतो. डोळे उघडे ठेवायचे. थांबायची खूण आधी ठरवायची.

आणि आघाताच्या कामाचा क्रम ज्युडिथ हर्मन या अमेरिकन सायकिअॅट्रिस्टने १९९२ मध्येच मांडला आहे: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. पहिल्या भेटीत तपशील उकरणं म्हणजे या क्रमाची पहिली पायरीच गाळणं. ईएमडीआर असो की प्रोलाँग्ड एक्स्पोजर, आठवणीला थेट हात घालणाऱ्या पद्धतीसुद्धा तयारीशिवाय सुरू होत नाहीत.

तिन्हीसांज

आताच्या थेरपिस्टने चौथ्या महिन्यापर्यंत घटनेबद्दल काही विचारलं नाही. खुर्ची दाराजवळ हवी का एवढंच पहिल्या दिवशी विचारलं. हवी होती.

गोगलगाय

आता माझं सांगतो, म्हणजे मी सुरावर का अडलोय ते कळेल. मला लिफ्टची भीती. पाच वर्षं जिने चढलो, नोकरीच्या दोन ऑफर सोडल्या. पहिल्या समुपदेशक अतिशय प्रेमळ. 'तुमच्या भीतीला जवळ घ्या.' वर्षभर जवळ घेतली, ती धष्टपुष्ट झाली. दुसऱ्यांनी लिफ्टमध्येच नेलं. आधी दार उघडं ठेवून उभं राहायचं, मग एक मजला, मग मुद्दाम गर्दीची वेळ. खिशात पाण्याची बाटली असायची, 'लागली तर' म्हणून, ती पण काढून घेतली. दोन महिन्यांत संपलं. प्रेमाने नाही, लिफ्टने.

अर्धविराम

अगदी मान्य. भीतीपासून पळायला मदत करणारी माया भीतीलाच खाऊ घालते. पण एक विचारू? मध्ये एखादा दिवस फसला होता का?

गोगलगाय

फसला होता. तिसऱ्या मजल्यावर बाहेर पळालो, लोकांना ढकलून. लाजेने दहा दिवस सेशनला गेलो नाही.

अर्धविराम

मग परत कसे गेलात?

गोगलगाय

त्यांचा मेसेज आला. 'तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलात की. मंगळवारी तिथूनच सुरू करू.'

बरं बरं. कळलं कुठे नेताय ते.

उंबरठा

:ड

निळी शाई

थेरपिस्ट निवडताना काय विचारायचं, कुणी सांगेल का? 'करुणा' तर आता सगळ्यांच्याच पाटीवर असते.

अर्धविराम

खाण्याचा विकार असेल तर माझा पहिला प्रश्न: शारीरिक तपासणी कोण करणार? जो थेरपिस्ट डॉक्टरांना जोडून घेत नाही त्याच्याकडे जाऊ नका, कितीही मायाळू असू दे. सतत उलट्या होत असतील तर रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दिसायला माणूस ठीक असतो. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर खायला घालणंही धोक्याचं, फॉस्फेट झपाट्याने उतरतं. ते देखरेखीखाली, पायरीपायरीने करावं लागतं. चक्कर, बेशुद्धी, छातीत धडधड असेल तर थेरपीची तारीख नाही बघायची, आधी हॉस्पिटल.

दुसरं, जे लोक लपवतात. नैराश्यासाठी सायकिअॅट्रिस्टकडे जाता आणि खाण्याचं सांगत नाही. सांगाच. बुप्रोपिऑन नावाचं नैराश्यावरचं औषध बुलिमिया किंवा अॅनोरेक्सिया असलेल्यांना देत नाहीत, फिट येण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांना माहीतच नसेल तर ते कसं टाळणार? उलट फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या औषधाचा बुलिमियात उपयोग होतो, पण डोस वेगळा लागतो. म्हणजे लपवल्याने दोन्हीकडून तोटा.

तिसरं, मरणाचे विचार. थेरपिस्ट ते सरळ शब्दांत विचारतो का बघा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. असतात त्यांना बाहेर यायला वाट मिळते. आज, आत्ता तसे विचार असतील तर अपॉइंटमेंटची वाट न बघता घरातल्या कुणाला तरी उठवा, आपत्कालीन विभागात जा.

उंबरठा

माझ्याकडून एक: महिन्याभराने 'आता मी काय वेगळं करते?' हे तुम्हाला सांगता यायला हवं. मला सांगता यायचं: सकाळी खाते, घरातला वजनकाटा बाईंकडे ठेवलाय, आठवड्यातून एकदाच त्यांच्यासमोर उभी राहते. पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा आकडा बघून मी चप्पल घालायला निघाले होते. त्या म्हणाल्या, "एक मिनिट बसा. काही बोलू नका, मीही बोलत नाही." घड्याळ लावून एक मिनिट. त्या मिनिटात काहीच झालं नाही. म्हणजे छत कोसळलं नाही.

काजवा

तीन दिवसांनी लिहितोय. अपॉइंटमेंट घेतलीये, शुक्रवारची. पहिल्या दिवशी बोलायचं काय? मला तोंडाने सांगता येणार नाही. 'उभ्याने' हा शब्द पण नाही.

तिन्हीसांज

बोलू नकोस. वर जे लिहिलंयस ना, चार ओळी, तेच फोनवर उघडून ठेव आणि फोन त्यांच्या हातात दे. मी तसंच केलं होतं.

दारचा पाऊस

आणि सोबत कुणी आलं तर चालतं. बाहेर बसायला.

काजवा

(शुक्रवार, रात्री)

दिला फोन. वाचला त्यांनी. मग विचारलं, "रात्री किती वाजता शेवटचं बसून जेवता?" बसून. मला आठवेना.

उद्या दुपारी बसून जेवायचं, एवढंच दिलंय.

गोगलगाय

कितवा मजला होता रे?

काजवा

पाचवा. लिफ्ट बंद होती.

गोगलगाय

च्यायला.